रडार सेन्सरला जास्त दिसतं, तेच आवरायचं: हौशी प्रोजेक्टमध्ये मायक्रोवेव्ह मोशन सेन्सर

माझ्या पॅसेजमधला दिवा हालचाल टिपणाऱ्या रडार सेन्सरवर चालतो, आणि तो रात्री अडीच वाजता आपोआप लागायचा. पॅसेजमध्ये चिटपाखरूही नसायचं. आधी वाटलं सोल्डरिंग कच्चं राहिलं असेल. मग मॉड्यूल, म्हणजे सेन्सरची तयार पाटी, बदललं, तरी तेच. शेवटी तीन रात्री वहीत वेळा टिपून ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. त्या भिंतीच्या आतून वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप जातो. वर कुणी फ्लश केला की पाणी धडधडत खाली येतं, आणि माझा सेन्सर ते इमानेइतबारे टिपतो. सेन्सर बिघडला नव्हताच. तो भिंतीच्या आतलं बघत होता.

या सेन्सरांबद्दलच्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात. ‘दिसत नाही’ असं क्वचित कुणी म्हणतं. ‘नको तेही दिसतं’ हे रडगाणं नेहमीचं. म्हणून जोडणीला या लेखात फार जागा दिलेली नाही, तीन तारा जोडायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम सेन्सरला आवरण्याचं आहे, आणि ते आधी वीज, मग जागा, मग प्रोग्रॅम (सेन्सरचा निकाल वाचणाऱ्या मायक्रोकंट्रोलरवरचा, म्हणजे छोट्या संगणक-चिपवरचा) याच क्रमाने करायचं. पुष्कळजण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि विजेचा दोष प्रोग्रॅममध्ये झाकत बसतात.

आत काय चालतं

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेली गोष्ट इथे कामाला येते. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता थोडी वाढते, लांब जाणाऱ्या वस्तूवरून परतलेलीची थोडी घटते. मॉड्यूल एक लहर सतत सोडत असतं आणि परत आलेली लहर मूळ लहरीत मिसळून दोघींमधला फरक काढतं. तो फरक म्हणजेच हालचाल. खोलीत सगळं स्थिर असेल तर फरक शून्य.

हा फरक किती असतो, हे एकदा हिशेब करून पाहा, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. वेगाची दुप्पट घ्या, तिला मॉड्यूलच्या वारंवारतेने गुणा आणि प्रकाशाच्या वेगाने भागा. सेकंदाला १ मीटर चालीने सरळ समोरून येणारा माणूस ३.१८ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलमध्ये सुमारे २१ हर्ट्झ उमटवतो, १०.५२५ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलमध्ये ७०, आणि २४.१२५ गिगाहर्ट्झवर १६१ हर्ट्झ.

आता गंमत बघा. ५० हर्ट्झच्या घरगुती विजेवर चालणाऱ्या अडॅप्टरमधून जी घरघर (व्होल्टेजमधली बारीक चढउतार) येते ती बहुधा १०० हर्ट्झची असते. १०.५२५ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलला १०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, ताशी साधारण ५ किलोमीटर. म्हणजे भरभर चालणारा माणूस! जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे घरघर १२० हर्ट्झची, म्हणून तो माणूस जरा आणखी घाईत. फ्लोरोसंट ट्यूबलाइटचंही हेच. नळीतला वायू त्याच तालावर कमीजास्त वाहक होतो आणि रडारला समोर काहीतरी हलल्यासारखं वाटतं. रिकाम्या खोलीत ‘माणूस’ दिसतो तो असा.

अजून एक गोष्ट लक्षात असू द्या. डॉप्लर फक्त सेन्सरच्या दिशेने येणारा किंवा तिथून जाणारा वेग मोजतो. समोरून आडवं चालत जाणारा माणूस रडारला कमी जाणवतो, सरळ अंगावर येणारा जास्त. शरीराची उष्णता टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरचं नेमकं उलटं आहे, त्याला आडवी चाल चटकन कळते. एकाची खोट ती दुसऱ्याची ताकद. याचा उपयोग पुढे करणार आहोत.

कोणतं मॉड्यूल घ्यावं

हौशी कामात तीन घराणी भेटतात. आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे सर्वांत साधं. साधारण ३.२ गिगाहर्ट्झवर चालतं, प्रवाह जेमतेम ३ मिलिॲम्पिअर घेतं आणि ‘हालचाल आहे किंवा नाही’ एवढंच सांगतं. दिवा, गजर, हलणारं खेळणं यांसाठी पुरेसं. एचबी१०० हे १०.५२५ गिगाहर्ट्झचं. ते हो-नाही सांगत नाही, फरकाचा कच्चा सिग्नल हातात देतं. वेग मोजायचा असेल तर हेच घ्या, पण ॲम्प्लिफायर स्वतः बांधायची तयारी ठेवा. तिसरं एलडी२४१०, २४ गिगाहर्ट्झचं. ते एकच वारंवारता धरून न बसता ती सतत सरकवत राहतं, त्यामुळे त्याला अंतरही कळतं आणि खुर्चीत निवांत बसलेला माणूसही दिसतो.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर आरसीडब्ल्यूएल घ्या, आणि एक नको, दोन घ्या. बिघाड मॉड्यूलमध्ये आहे की मांडणीत, हे ठरवायला दुसरं जवळ असलेलं बरं.

पहिली जोडणी: मायक्रोकंट्रोलरशिवाय

आरसीडब्ल्यूएलवर पाच पिना असतात. व्हीआयएनला ४ ते २८ व्होल्ट डीसी द्यायचे, जीएनडी म्हणजे ग्राउंड, आऊट म्हणजे निकाल. सीडीएस प्रकाशाच्या सेन्सरसाठी आहे. आणि ३व्ही३ या पिनेवर पुष्कळजण फसतात. ती वीज द्यायची पिन नव्हे, ती वीज बाहेर देते. मॉड्यूलवरच्या रेग्युलेटरमधून (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागातून) आलेले ३.३ व्होल्ट तिथे मिळतात, १०० मिलिॲम्पिअरपर्यंत.

सुरुवात बॅटरीवर करा. चार एए सेल किंवा ९ व्होल्टची बॅटरी व्हीआयएन आणि जीएनडीला जोडा. आऊटवरून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे एक एलईडी ग्राउंडला. बस, आणखी काही जोडू नका. बॅटरीत घरघर नसते, वायफाय नसतं, त्यामुळे मॉड्यूलचा मूळ स्वभाव इथेच कळतो.

मॉड्यूल ब्रेडबोर्डवर आडवं झोपवू नका. ब्रेडबोर्डच्या पोटात धातूच्या पट्ट्या असतात आणि मॉड्यूलचा अँटेना म्हणजे पाटीवरच कोरलेला नागमोडी तांब्याचा पट्टा. धातू जवळ आला की त्याची वारंवारता आणि संवेदनशीलता दोन्ही ढळतात. पिना काठावरच्या भोकांत घालून पाटी बाहेर लोंबती ठेवा. सुटे भाग असलेली बाजू ज्या दिशेला बघायचं तिकडे, आणि दोन्ही बाजूंना किमान १ सेंटिमीटर धातू नको. मागच्या बाजूलाही दिसतं, फक्त थोडं कमी. त्याची दखल पुढे घ्यावीच लागेल.

वीज दिल्यावर काही सेकंद एलईडी मनमानी करेल, तेवढं चालू द्या. नंतर हात हलवला की एलईडी लागून दोनेक सेकंदांनी विझायला हवा. हालचाल चालूच राहिली तर तो लागलेलाच राहतो, दर वेळी मुदत नव्याने सुरू होते.

आता खरी परीक्षा. खोलीत कुणी नसताना एलईडी लागतो का हे बघायचंय, पण बघायला तुम्ही खोलीत असाल तर खोली रिकामी कशी? फोनचा कॅमेरा एलईडीवर रोखून चित्रीकरण चालू करा, दार लावून बाहेर जा आणि अर्ध्या तासाने या. फोन मॉड्यूलपासून दोनतीन मीटर लांब ठेवा आणि विमान मोडवर टाका, नाहीतर तोच रेडिओ लहरी सोडत बसेल. पंखा बंद, खिडकी बंद. एवढं करून अर्ध्या तासात एलईडी एकदाही लागला नाही, तर मॉड्यूल खणखणीत आहे. लागला, तर आधी भिंतीपलीकडे कोण होतं ते विचारा.

वीज: निम्म्याहून जास्त दुखणी इथली

बॅटरीवर गुणी वागणारं मॉड्यूल अडॅप्टरवर वेड्यासारखं वागायला लागलं तर दोष अडॅप्टरचा. आरसीडब्ल्यूएलसाठी माझा उपाय साधा आहे. ५ व्होल्टच्या तारेत १०० ओहमचा एक रेझिस्टर ओळीत घाला, आणि त्याच्या पुढे, मॉड्यूलच्या अगदी पायाशी, ४७० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक असे दोन कपॅसिटर व्हीआयएन आणि ग्राउंडच्या मध्ये लावा. प्रवाह ३ मिलिॲम्पिअरच, म्हणून रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट तेवढे खर्ची पडतात. उरलेले ४.७ मॉड्यूलला पुरतात. ही जोडी साधारण ३.४ हर्ट्झच्या वरची चढउतार दाबायला लागते, आणि माणसाची चाल तर आपण २१ हर्ट्झवर शोधतोय. म्हणजे विजेतून आत शिरू बघणारा खोटा माणूस दारातच अडतो.

एचबी१०० ला ही युक्ती चालत नाही. ते ३० मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेतं, १०० ओहमवर ३ व्होल्ट गेले तर उरलं काय? त्याला ९ किंवा १२ व्होल्टवरून ७८०५ सारख्या साध्या रेग्युलेटरने वेगळे ५ व्होल्ट द्या.

वायफायवाल्या बोर्डांचं प्रकरण वेगळंच. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ संदेश पाठवतं तेव्हा क्षणभर प्रवाहाची मोठी झेप घेतं, विजेची तार दचकते आणि रडारला हालचाल ‘दिसते’. मग प्रोग्रॅम काय करतो? हालचाल दिसली म्हणून आणखी एक संदेश पाठवतो. त्या संदेशाने पुन्हा दचका, पुन्हा हालचाल. दर काही सेकंदांनी ठरलेल्या तालात सूचना येत असतील तर हेच चक्र समजा. खऱ्या माणसाला इतका ताल नसतो. तोडायला तिन्ही गोष्टी करा: वर सांगितलेला रेझिस्टर आणि कपॅसिटर, रडार आणि वायफाय बोर्डमध्ये वीसतीस सेंटिमीटर अंतर, आणि संदेश पाठवल्यावर तीन सेकंद रडारच्या निकालाकडे दुर्लक्ष.

मायक्रोकंट्रोलरला जोडताना

आऊट पिनेवर ३.३ व्होल्ट येतात. ईएसपी कुळातल्या बोर्डांना ते थेट चालतात. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतं आणि ३ व्होल्टच्या वरचा सिग्नल ‘उंच’ मानतं. म्हणजे जमतं, पण अंगाला घट्ट बसलेल्या सदऱ्यासारखं. तार लांब असेल तर मध्ये एक ट्रान्झिस्टर घाला. रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा मोटर आऊटवर थेट लावायची नाही, एवढ्या प्रवाहाची त्या पिनेत ताकद नाही.

आवाका कमी करायला पाटीच्या मागे आर-जीएन नावाची रिकामी जागा असते. काहीच न लावता सुमारे ७ मीटर. तिथे १ मेगाओहम लावला की ५ मीटरच्या आसपास, २७० किलोओहमने दीड मीटरच्या जवळपास. हे आकडे मोकळ्या जागेतले. खोलीत भिंतींवरून लहरी परततात, म्हणून जमिनीवर टेप पसरून स्वतः चालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सी-टीएम या जागी कपॅसिटर लावून निकालाची मुदत वाढवता येते, पण मी त्या वाटेला जात नाही. मुदत प्रोग्रॅममध्ये ठेवली की दर वेळी सोल्डरिंग आयर्न तापवावं लागत नाही.

सीडीएस मात्र कामाची. तिथे प्रकाशाचा सेन्सर लावला की उजेडात मॉड्यूल गप्प बसतं. आणि त्या पिनेवरचा व्होल्टेज ०.७ च्या खाली गेला की निकाल बंद होतो, म्हणून मायक्रोकंट्रोलरची एखादी पिन तिला जोडून रडारला हवं तेव्हा झोपवताही येतं. संदेश पाठवतानाचं दुर्लक्ष असंही साधता येईल.

जागा

मायक्रोवेव्हला प्लास्टिक, लाकूड, काच, प्लायवूड, पातळ भिंत हे सगळं कमीअधिक पारदर्शक. धातूवरून ती परततात. पाण्यावरून बरीचशी परततात, थोडी आत मुरतात. माणूस बहुतांशी पाण्याचाच, म्हणून तर तो दिसतो. पाइपमधलं पाणी दिसतं तेही म्हणूनच.

याचा फायदा असा की डबीला भोक लागत नाही. सेन्सर पूर्ण बंद प्लास्टिकच्या डबीत, चित्राच्या चौकटीमागे, लाकडी कपाटात लपतो. फक्त धातूची झाक असलेला रंग आणि कार्बन फायबर मिसळलेलं थ्रीडी प्रिंटिंगचं प्लास्टिक टाळा. ३ गिगाहर्ट्झला डबीच्या जाडीचं सोयरसुतक नाही. २४ गिगाहर्ट्झला आहे. तिथे तरंगलांबी १२.४ मिलिमीटर, म्हणून झाकण अँटेनापासून तिच्या निम्म्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास अंतरावर ठेवलं तर परतलेली लहर कमीत कमी त्रास देते.

मागची बाजू झाकायला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाड फॉइल लावतात. लावा, पण पाटीपासून दीडदोन सेंटिमीटर मागे, आणि लावल्यावर आवाक्याची मोजणी पुन्हा करा. पत्र्यावरून परतलेली लहर पुढच्या लहरीत मिसळते आणि पुढचा आवाका कधी वाढतो, कधी विचित्र जागी आंधळा होतो. माझ्या पॅसेजमध्ये फॉइलने पाइप दिसायचा थांबला आणि त्या बदल्यात जिन्याची तिसरी पायरी दिसेनाशी झाली. शेवटी सेन्सर समोरच्या भिंतीवर हलवला, तेव्हा सुटलो.

बसवायची जागा निवडताना स्वतःला एवढंच विचारा: या सेन्सरपासून ७ मीटरच्या गोलात, भिंती नाहीतच असं धरून, काय काय हलतं? छताचा पंखा, पडदा, फ्रिजचा थरथरता पत्रा, शेजारचा जिना, बाहेरचा रस्ता. त्या यादीतलं जे नको असेल ते सेन्सरच्या बाजूला किंवा लांब जाईल अशी जागा शोधा, आणि माणूस मात्र सेन्सरच्या दिशेने चालत येईल असं बघा. पॅसेजच्या लांबीच्या टोकाला बसवलेला सेन्सर मधल्या भिंतीवर बसवलेल्यापेक्षा लवकर जागा होतो तो यामुळेच. एकाच जातीची दोन मॉड्यूल शेजारीशेजारी नकोत. एकमेकांची लहर ऐकून दोघंही भांबावतात. एक मीटरहून जास्त अंतर ठेवा.

प्रोग्रॅम: एका साक्षीवर निकाल नको

इथवर आल्यावर जे थोडं उरतं ते प्रोग्रॅमने आवरायचं. आरसीडब्ल्यूएलची एक खोटी हालचाल म्हणजे दोन सेकंदांचा एकच सुटा निकाल. खरा माणूस पुन्हा पुन्हा हलतो, त्यामुळे त्याचा निकाल तीन सेकंदांच्या पुढे लांबतो किंवा दहा सेकंदांत दुसरा येतो. गजरासाठी हीच अट लावा: सलग तीन सेकंद उंच, किंवा दहा सेकंदांत दोन निकाल. नाहीतर गप्प.

दिव्याला मात्र तीन सेकंद थांबणं परवडत नाही, तोवर माणूस अंधारात अर्धा जिना चढलेला असतो. तिथे पीआयआरला जोडीला घ्या, पण दोघांना सारखं काम देऊ नका. दिवा लावायला दोघांचीही साक्ष हवी: पीआयआर आणि रडार, दोन सेकंदांच्या आत. दिवा लागलेला ठेवायला कुणा एकाची पुरे. दोघंही सलग वीस सेकंद गप्प राहिले तर विझवा. पाइपमधलं पाणी पीआयआरला दिसत नाही आणि उन्हाचा कवडसा रडारला दिसत नाही, त्यामुळे खोट्या साक्षी आपसूक गळतात. एकदा दिवा लागला की रडारची तीक्ष्ण नजर उपयोगी पडते, कारण कोपऱ्यात बसून बुटाची नाडी बांधणाऱ्याची बारीक हालचालही ते टिपतं. हवेचं तापमान शरीराच्या जवळ पोचलं की पीआयआर मंदावतो, म्हणून कडक उकाड्यात ‘दोघांची साक्ष’ ही अट सैल करायची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा.

लिहिताना डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरून प्रोग्रॅम अडवू नका. शेवटचा पीआयआर निकाल कधी आला, शेवटचा रडार निकाल कधी आला, शेवटचा संदेश कधी गेला, अशा तीन वेळा मिलिसमधून (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेतून) घेऊन तीन चलांत साठवा आणि प्रत्येक फेरीत फक्त वजाबाकी करा. वरचे सगळे नियम या तीन वजाबाक्यांत बसतात.

दिवा घरगुती विजेवरचा असेल तर शक्यतो त्या वाटेला जाऊच नका, १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि एक मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) वापरा. रिले लावायचाच तर पूर्ण बंद डबीत, विलग मॉड्यूल घेऊन, जाणकार हाताने.

वेग मोजायचा असेल तर

एचबी१०० च्या आयएफ पिनेवर येणारा फरकाचा सिग्नल काहीशे मायक्रोव्होल्टच्या घरातला असतो. तो दहा हजार पटींच्या आसपास वाढवावा लागतो. एकाच ओपॲम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या चिपवर) हा भार टाकू नका, दोन टप्पे करा, प्रत्येकी शंभर पट. एलएम३५८ मध्ये दोन ओपॲम्प असतातच. एकाच बाजूची वीज असल्यामुळे सिग्नलची मधली पातळी निम्म्या व्होल्टेजवर उचलून धरा, दोन सारख्या रेझिस्टरांच्या विभाजकाने आणि एका कपॅसिटरने. पुढे कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर आहे की खाली एवढंच सांगणारा), आणि त्याचे ठोके मायक्रोकंट्रोलर मोजतो.

गणित सोपं: १०.५२५ गिगाहर्ट्झवर ताशी १ किलोमीटर म्हणजे १९.५ हर्ट्झ. पाव सेकंदात आलेले ठोके चारने गुणा, १९.५ ने भागा. ताशी ५० किलोमीटरला ९७५ हर्ट्झ येतात, म्हणून ॲम्प्लिफायर हजाराच्या पुढेही सिग्नल जाऊ देईल असा बांधा. एलएम३५८ ला शंभर पटीत एवढं झेपतं. नुसता माणूस ओळखायचा असेल तर उलट शंभराच्या आतच कापा. सेन्सर रस्त्याच्या कडेला तिरपा असेल तर वेग कमी दिसतो: २० अंशांना ६ टक्के, ४५ अंशांना जवळजवळ ३० टक्के.

तपासायला गाडी पळवायची गरज नाही. ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टोला मारून सेन्सरसमोर धरा. त्याच्या थरथरत्या पट्ट्या ४४० हर्ट्झच उमटवतात आणि तुमच्या पडद्यावर ताशी साधारण २२.६ किलोमीटर यायला हवेत. वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांचीही पडताळणी फोर्कने करतात. एक सांभाळा: आतला डायोड स्थिर विजेने मरतो, सोल्डर करण्याआधी हात ग्राउंडला टेकवा.

बसलेला माणूस दिसायला हवा तर

डॉप्लर मॉड्यूलसमोर वाचत बसलात की दिवा विझतो आणि हात हलवत बसावं लागतं. एलडी२४१० ने ही कटकट जाते. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते. ३ मिलिमीटर हालचालीने २४ गिगाहर्ट्झची परतलेली लहर जवळजवळ अर्धं वळण घेते, ३.१८ गिगाहर्ट्झची फक्त २३ अंश. इतका फरक आहे.

वीज ५ व्होल्ट, सरासरी ८० मिलिॲम्पिअरच्या आसपास. निकाल आऊट पिनेवर मिळतो आणि तपशील सिरियलवर, २,५६,००० बॉड वेगाने. उनोच्या सॉफ्टवेअर सिरियलला हा वेग पेलत नाही, ईएसपी३२ चं हार्डवेअर सिरियल घ्या. आलेल्या बाइटांत (हेक्स आकड्यांत) एफ४ एफ३ एफ२ एफ१ दिसले की नवी चौकट सुरू. पुढे लांबीचे दोन बाइट, एक प्रकाराचा, एक एए, आणि मग अवस्था: ० म्हणजे कुणी नाही, १ हलणारा, २ स्थिर, ३ दोन्ही. तयार लायब्ऱ्या आहेत, पण ही चौकट एकदा स्वतः उलगडून बघण्यात मजा आहे.

हे मॉड्यूल अंतराचे ७५ सेंटिमीटरचे नऊ कप्पे करतं आणि प्रत्येक कप्प्याची संवेदनशीलता हलणाऱ्यासाठी वेगळी, स्थिरासाठी वेगळी ठरवता येते. इथे भिंतीचा प्रश्न मुळातून सुटतो: भिंत ३ मीटरवर असेल तर चौथ्या कप्प्याच्या पुढचं बंदच करा. बाकीच्यांसाठी अभियांत्रिकी मोड (प्रत्येक कप्प्याची ऊर्जा पाठवणारा) चालू करून रिकाम्या खोलीत, नेहमीसारखा पंखा फिरवत, पाच मिनिटं प्रत्येक कप्प्याची सर्वांत मोठी ऊर्जा टिपा. उंबरठा त्याहून दहापंधरा वर ठेवा. आणि ब्लूटूथ असलेलं मॉड्यूल असेल तर पासवर्ड बदला, नाहीतर जवळपासचा कुणीही तुमचे कप्पे हलवेल.

आरोग्याची शंका नेहमी येते म्हणून दोन ओळी. ही मॉड्यूल काही दहा मिलिवॅट सोडतात, स्वयंपाकाचा मायक्रोवेव्ह शेकडो वॅट आणि तोही बंद पेटीत. वारंवारतेचा कायदा मात्र खरा आहे. २४ ते २४.२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जगभर अशा कामांसाठी राखलेला आहे, ३.२ गिगाहर्ट्झ तसा नाही. आपल्या देशाचे नियम बघा, विकायचं उपकरण करायचं असेल तर आधी बघा.

सगळं बसवल्यावर चोवीस तास नोंद ठेवा: कधी लागलं, कधी विझलं. वेळांकडे नुसतं बघितलं तरी बरंच कळतं. ठरावीक अंतराने येणारं म्हणजे वीज किंवा वायफाय. संध्याकाळीच येणारं म्हणजे ट्यूबलाइट किंवा शेजारी. वाऱ्याबरोबर येणारं म्हणजे पडदा. आणि रात्री अडीचला एकदाच येणारं काय असतं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

त्या पॅसेजमधून सुरुवातीला बदलून काढलेलं मॉड्यूल मी फेकलं नाही. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या प्लास्टिक पाइपला ते आता पावसापासून झाकून चिकटवलंय, आर-जीएनला २७० किलोओहम लावून. पाइपमधून पाणी पडायला लागलं आणि निकाल सलग दहा सेकंद उंच राहिला की खाली बझर वाजतो. मग मी पंप बंद करायला उठतो.